जावेची साखर
जिलबीच्या पाकाचा वास आला की भोसरीतल्या आमच्या खोलीतली ती दुपार आठवते. तेव्हा माझ्या रक्तातली साखर कधी चढायची, कधी एकदम उतरायची. कारण कळेना आणि तपासणीचे रिपोर्ट यायचे होते. शिफ्टवरून आलेली धाकटी जाऊ जिलब्या खाऊन म्हणाली, "ताई, माझी पण बघा की!" माझ्या तपासायच्या मशीनवर तिची साखर अगदी नॉर्मल आली. माझा नुसता जळफळाट झाला. तेवढ्यात मलाच दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. "ताई, उतरली तुमची!" म्हणत तिनं साखरपाणी पाजलं, माझं डोकं मांडीवर घेतलं. तिथं पडूनही मला तिचा रागच येत होता. पुढे रिपोर्ट आले, औषधं लागू पडली. पण स्वतःच्या शरीराची आठवणही न काढता ती दिवसभर वावरते, त्याचा हेवा मला आजही वाटतो.