आत्याच्या फळीची डावी बाजू

माझी आत्या मरत होती आणि मी तिचा व्हिडिओ काढत हसत होतो.

बेचाळीस सेकंदांचा आहे.

आज तिला जाऊन पाच वर्षं झाली. सकाळी फोननेच तो 'पाच वर्षांपूर्वी, याच आठवड्यात' म्हणून पुढे केला. चहा तसाच राहिला.

आत्या अर्नाळ्याची. आगाशीच्या बाजारात तिची फळी होती, वर मासळीचे वाटे मांडलेले. शाळेच्या सुट्टीत मी शेजारी बसून माशा हाकलायचो आणि वाटे लावायचो. फळीचा कोपरा रिकामा राहिला की डोक्यात टपली.

"अर्धी फळी बगून कोन येल रं? भरलेली दिसली पायजे."

मासळी कमी असली तर वाटे लहान करायची, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडायची.

दुसऱ्या लाटेत ती पॉझिटिव्ह आली. ताप किरकोळ, खोकला नाहीच. मी तिला माझ्या एव्हरशाईनच्या फ्लॅटवर आणलं, कारण माझ्याकडे एक रूम रिकामी होती. मोठा शहाणा मी.

दर दोन तासांनी ऑक्सिमीटर. शहाण्णव, सत्त्याण्णव. आकडा फॅमिली ग्रुपवर टाकला की खाली अंगठे.

चौथ्या दिवशी दुपारी आत्या बेडवर बाजार मांडून बसली.

गोळ्यांची पाकिटं, वाटी, चमचा, टीव्हीचा रिमोट, सगळ्याचे वाटे. मला म्हणते, "ये गो बाय, घे. ताजं बोंबील हाय."

बाय! मला! मी दारात उभा राहून पोट धरून हसलो. मग फोन काढला.

ग्रुपवर हसून लोळणाऱ्या इमोजींचा पाऊस. चुलतभावाने लिहिलं, "आत्या फुल फॉर्मात! एक वाटा माझ्यासाठी ठेव." काकी म्हणाली, "अंगात आलंय तिच्या, नारळ ओवाळून टाक." इंजिनिअर माणूस मी, तोही टाकला.

ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला.

"ऑक्सिजन किती?"

"सत्त्याण्णव."

"मग कशाला घाबरता? तापात बरळतात म्हातारी माणसं."

मला बरं वाटलं. सगळ्यात जास्त किळस मला याचीच येते, की तेव्हा मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी तिला झटके आले. हॉस्पिटलमध्ये पीपीई किटमध्ये घामाने भिजलेली एक तरुण डॉक्टर होती. तिने विचारलं, "आधी काही वेगळं वागत होत्या का?"

मी व्हिडिओ दाखवला. ती हसली नाही. मध्येच थांबवला.

"यांनी सगळं स्वतःच्या उजवीकडेच का मांडलंय?"

तिच्या डाव्या हाताकडची बेडची बाजू कोरी होती. एक चमचासुद्धा नाही.

"डावीकडे काही आहे हेच त्यांना कळत नव्हतं. मेंदूत गुठळी असणार. कोरोनात होतं असं काहींना, ऑक्सिजन चांगला असला तरी." मग खाली बघत म्हणाली, "त्याच दिवशी आणायला हवं होतं."

आत्याची अर्धी फळी रिकामी होती. हे अख्ख्या जगात कुणाला कळायला हवं होतं? टपल्या तर मीच खाल्ल्या होत्या. काखेत कळसा, आणि मी ऑक्सिमीटरकडे बघत बसलो.

चार दिवसांनी ती गेली. प्लास्टिकमध्ये बांधून दिली. चेहराही बघू दिला नाही.

आज सकाळपासून ग्रुपवर फुलं, जोडलेले हात, 'मायेची सावली हरपली.' सगळे तेच, जे त्या दिवशी लोळून हसले होते. कोणीतरी लिहिलंय, "कोरोनाने नेली बिचारीला."

कोरोनाने आजारी पाडली हो. दोन दिवस फुकट आपण घालवले. शी!

आज पहिल्यांदाच इअरफोन लावून तो व्हिडिओ पूर्ण ऐकला.

शेवटी-शेवटी आत्या बाजार थांबवते. डोक्याला हात लावते. माझ्या हसण्याखाली तिचा आवाज दबलाय, पण आहे.

"पोरा, डोका लय दुखतंय रं. बग ना."

पोरा म्हणाली. बाय नाही. तेवढ्यापुरतं तिने मला ओळखलं होतं.

खाली आरआयपी लिहू नका कोणी.

आत्या, तुला श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही.

बघितलं नाही गं मी.