नऊ दिवस अळणी

गावच्या दूध संकलन केंद्रावर मी सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट आणि घट्टपणाची डिग्री पाहून आकडा लिहितो. या कामाला सव्वीस वर्षं झाली. त्याला स्थिर हात लागतो, आणि माझा हात अकरा वर्षं थरथरत होता. फार नाही; नमुन्याची बाटली धरली की दुधावर बारीक लहरी उठत, एवढंच. पण रांगेतल्या लोकांना तेवढं पुरतं. "तात्या, जास्त घुसळू नका, लोणी निघंल," असं एकदा एक जण म्हणाला. सगळ्यांबरोबर मीही हसलो, पण त्या दिवशी घरी जेवलो नाही. मी चोरून पितो असा बऱ्याच जणांचा समज होता. मी तो खोडला नाही, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा तो समज मला बरा वाटत होता.

खरं कारण असं की मला मनाचा आजार आहे. तेरा वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा उपटला तेव्हा सतरा दिवस मी जवळजवळ झोपलो नव्हतो. थकवा नव्हता, उलट अंगात दहा माणसांचं बळ आल्यासारखं वाटे. भाटघर धरणाचं पाणी आमच्या डोंगरावर कसं चढवायचं, याचे नकाशे मी घराच्या भिंतींवर कोळशाने काढले. माझी बायको शोभा अडवायला आली, तर तिच्यावर हात उगारला. मग ते बळ ओसरलं आणि चार महिने मी अंथरुणातून उठलो नाही. त्या दिवसांत शोभा मला विहिरीकडे एकटं जाऊ देत नसे, आणि तिचं बरोबर होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या, सकाळी एक आणि रात्री दोन. हळूहळू मी माणसांत आलो. त्यानंतर आजार पुन्हा उलटला नाही.

याचं श्रेय मी गोळ्यांना कधी दिलं नाही. त्यांनी माझ्याकडून काय घेतलं तेवढंच मोजत राहिलो: हाताची थरथर, सततची तहान, रात्रीतून तीन वेळा लघवीला उठणं, नऊ किलो वाढलेलं वजन, आणि मंदावलेल्या थायरॉईडसाठी आणखी एक गोळी. दर तपासणीला डॉक्टर विचारत, "काही त्रास?" मी म्हणत असे, "काही नाही." डॉक्टरांपुढे तक्रार करायची म्हणजे आजार कबूल करायचा, असं काहीसं माझ्या मनात होतं.

वेल्हे हे माझं आजोळ. तोरणा गडावरची मेंगाई ही आईची देवी. दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात मी तिला नवस बोललो की नऊ दिवस अळणी राहीन, मिठाचा कण तोंडात घेणार नाही, नवव्या दिवशी अनवाणी गड चढून तुझी ओटी भरीन. तू मला या गोळ्यांतून सोडव. ती सोडवीपर्यंत गोळी चुकवायची नाही, एवढं शहाणपण मात्र राखलं होतं. शोभा म्हणाली, डॉक्टरांना एक फोन करून विचारा. देवाच्या कामात डॉक्टरांना काय विचारायचं, असं मी तिला तोडून बोललो. ती माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात शिजवू लागली.

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी जुलाब लागले. सातव्या दिवशी मळमळ सुरू झाली, आणि हात असा हलू लागला की केंद्रावर दुसऱ्याला बसवावं लागलं. मी सगळं वहीत लिहीत होतो. गोळ्यांपुढे रोज तीन खुणा, मिठापुढे रोज शून्य. देवी परीक्षा बघते आहे, अशी माझी समजूत. आज ती पानं उघडली की कळतं, एक जरी खूण चुकली असती तरी माझं थोडं भलं झालं असतं.

नवमीला शोभा बरोबर यायला निघाली होती. नवस माझा आहे म्हणून मी तिला थांबवलं. एसटीच्या प्रवासात लघवीला उतरता येत नाही, म्हणून प्रवास असला की मी पहाटेपासून पाणी घेत नसे. त्या दिवशीही घेतलं नाही. भोरहून नसरापूर, तिथून वेल्हे, आणि मग दहाच्या उन्हात अनवाणी चढण. ऑक्टोबरचं ऊन अंगातलं उरलंसुरलं पाणी घामावाटे काढत होतं. पाऊल एका जागी टाकायचं ठरवावं आणि ते वीतभर पलीकडे पडावं, असं होऊ लागलं. दोनदा पडलो. ओटीची पिशवी तेवढी छातीशी धरली होती.

निम्म्याच्या वर गेल्यावर एका सपाटीवर ताडपत्रीच्या सावलीत एक म्हातारी धनगरीण ताक आणि लिंबूसरबत घेऊन बसली होती. मला झुलत येताना बघून ती म्हणाली, "सकाळच्या पारीच झोकून आला व्हय रं बाबा? दुसरा डोंगर न्हाई घावला?"

मी दारूला शिवत नाही, हे मला सांगायचं होतं, जीभ वळेना. तिथेच बसलो आणि ओकलो. तोंडाला दारूचा वास आला नसावा, कारण ती उठून जवळ आली. माझे दोन्ही हात तिने तिच्या हातांत घेतले आणि बराच वेळ नुसते पाहिले. वाटेवर दुसरं कुणी नव्हतं, तरी आवाज खाली आणून तिने विचारलं, "डोस्क्याच्या गोळ्या खातोस का रं तू?"

अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी "हो" म्हणालो, आणि मला रडू फुटलं.

तिची सून दहा वर्षांपासून त्याच गोळ्या घेत होती. एकदा संकष्टीला सुनेने पाणीसुद्धा वर्ज्य केलं, तेव्हा तीही अशीच झुलत होती, असं म्हातारीने सांगितलं. मग डॉक्टरांनी सासूला समोर बसवून पढवून घेतलं होतं: मीठ तोडायचं नाही, पाणी कमी करायचं नाही, जुलाब-उलट्या लागल्या की पुढची गोळी न घेता दवाखाना गाठायचा. हे सगळं तिने मला पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवलं. मी अडखळत अळणी नवसाचं सांगितलं, तशी तिने कपाळावर हात मारला आणि पेल्यात ताक ओतून त्यात मीठ घातलं.

"मावशी, नवस मोडेल," मी म्हणालो. "आज नववा दिवस आहे."

"मंग आट तर भरलं तुजं. नववा टाक माज्या अंगावर. आन ती ओटी दे हिकडं, म्या नेती दुपारच्याला वर. घोट घोट पी. सांडू नगंस."

मी केंद्रावर असताना एकही आकडा कधी दुसऱ्याच्या हाताने लिहू दिलेला नाही. माझा नवस दुसऱ्याने फेडावा, हे त्या क्षणापर्यंत माझ्या कल्पनेतही बसलं नसतं. पण ती हात पुढे करून उभी होती आणि माझ्यात बळ नव्हतं. मी पिशवी तिला दिली. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून घ्यावा, तसं झालं. मग ते मिठाचं ताक प्यालो.

गडावरून दोन पुणेकर गिर्यारोहक उतरत होते. तिने त्यांना हाक मारून थांबवलं, चांगलं दरडावलं, आणि मला त्यांच्या खांद्यांवर दिलं. त्यांनीच मला खाली गाडीत घालून वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून रुग्णवाहिकेने पुण्याला. रक्तातल्या लिथियमचा माझा नेहमीचा आकडा ०.७. त्या दिवशी तो २.४ निघाला. आणखी एक दिवस गेला असता तर मूत्रपिंडं कायमची जाण्याची, कदाचित जीवही जाण्याची भीती होती. चार दिवस सलाइन चाललं, म्हणजे मीठ आणि पाणीच.

माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी पलंगाशी बसून समजावलं. "लिथियम हेही एक प्रकारचं मीठच आहे. मूत्रपिंडाला या दोन मिठांतला फरक नीट कळत नाही. अंगातलं साधं मीठ आणि पाणी कमी पडलं की ते दोन्ही धरून ठेवतं. तुम्ही एक मीठ सोडलंत, शरीराने दुसरं साठवलं." ताकाने मी वाचलो असं ते म्हणाले नाहीत. वर न जाता खाली उतरलो, म्हणून वाचलो, असं म्हणाले.

त्या पलंगावर मी पहिल्यांदा त्यांना थरथरीचं सांगितलं, तहानेचं सांगितलं. तपासण्या करून त्यांनी काही आठवड्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, त्या आधीपेक्षा कमी. थरथर निम्म्याहून कमी झाली. थायरॉईडची गोळी राहिली, वजनही फारसं हटलं नाही. अकरा वर्षांत कधीही जे एका वाक्यात मागता आलं असतं, ते मी गड चढून मागायला गेलो होतो.

मार्गशीर्षात शोभाला घेऊन मी पुन्हा त्या वाटेने गेलो. म्हातारी तिथेच होती. तिने मला ओळखलं नाही. शोभाने सगळं सांगितलं तेव्हा ओळखलं, आणि पायात वहाणा आहेत ना ते आधी पाहिलं. ओटी पोचली का, असं मी विचारलं.

"पोचली की. नारळ फोडला, खण लावला."

"देवीला काही सांगितलंत?"

"सांगितलं. म्हनलं, बाई, मानूस गोळ्या खातोय, जरा दमानं घे."

शोभा हसता हसता डोळे पुसू लागली. मी मान खाली घातली. देवीपुढे मी गोळ्यांची तक्रार नेली होती, पण मी आजारी आहे हे तिलाही कधी सरळ सांगितलं नव्हतं. ते त्या बाईने माझ्या वतीने सांगून टाकलं होतं.

गडाच्या वाटेवर ताक-सरबत विकणारी कितीतरी माणसं बसतात. त्यांतल्या नेमक्या हिच्यासमोरच मी का पडलो, याचा हिशेब मांडायला एकदा बसलो होतो. मांडता आला नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. आता जेवण झालं की मी गोळ्या तळहातावर घेतो, घडीभर डोळे मिटतो आणि देवीला म्हणतो, सोडव असं आता म्हणत नाही, बाई. ज्या वाटेने ठेवशील त्या वाटेने ठेव. मग तांब्याभर पाणी पितो.