एकदाच विचारतात

२००६ साल. मी चौसष्ट वर्षांचा. उत्तरेत, चंडीमंदिरच्या छावणीत फौजी गाड्यांचं वेल्डिंग करता करता नोकरी संपली होती आणि पंचकुल्यात मुलाकडे राहत होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावची. हे सांगायची मला कधी लाज वाटली नाही.

मे महिन्यातला रविवार. सकाळी मराठी मंडळाची सभा झाली. गणपतीत राबणाऱ्या मंडळींचा म्होरक्या म्हणून दरवर्षी माझंच नाव यायचं. त्या दिवशी मी उभा राहून म्हणालो, "यंदा मला सोडा. गुडघे गेलेत. मांडवात उभं राहवत नाही."

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर होते. ते हसले. "काका, तुम्ही दरवर्षी हेच म्हणता."

"खुर्ची देऊ की," मागून कुणीतरी बोललं. "बसून हुकूम सोडा. तसंही तेच करता."

टाळ्या झाल्या, आणि सामानाच्या खोलीच्या किल्ल्या माझ्याच खिशात राहिल्या. त्यांना तरी काय बोलणार? आमच्यात कुणी आपण होऊन नाव देत नाही. दुसऱ्यानं सुचवायचं, आपण नको म्हणायचं, मग आग्रह, परत नको, मग बरं. इतकी वर्षं मीही तेच केलं. आता खरंच नको म्हणायला माझ्याजवळ वेगळा शब्द उरला नव्हता.

दुपारी घामानं निथळत घरी आलो, तर मुलगा आणि त्याचा सरदार मित्र कूलरपुढे बसलेले. दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांनी एक उद्योग काढला होता, तो मला निम्माच कळायचा. जगभरचे लोक प्रोग्राम लिहून सगळ्यांसाठी खुले ठेवतात. कुणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं. कॉलेजातली पोरं उन्हाळाभर घरबसल्या त्या कामात उमेदवारी करणार होती. त्यांच्यावर लक्ष ठेवायला, अडली तर हात द्यायला दोन माणसं हवी होती. पगार नाही, नुसती हौस. एक माणूस ठरला होता. दुसऱ्या जागी मुलाच्या मनात आमच्याच मंडळातली एक बाई होती.

ही अमरावतीकडची. नवरा शेजारच्या शहरात, सेक्टर ३९ च्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. लग्नाआधी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. बदलीबरोबर इकडं आली आणि ते सुटलं. घरी बसून इंटरनेटवर अनोळखी पोरांच्या अडचणी सोडवायची. मंडळात एकदा पानं वाढताना मला म्हणाली होती, "काका, घरात मला भाजी कुठली करायची एवढंच विचारतात. तिकडं पोरं मला काहीतरी विचारतात तरी."

सरदारानं तिला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. कामाचं सांगितलं. मग ती म्हणाली, "नहीं जी, मुझसे कहाँ होगा. किसी और को देख लीजिए."

"कोई बात नहीं जी. शुक्रिया," सरदार म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी भिंतीला टेकून बूट काढत होतो. तो तसाच हातात राहिला.

"अरे, ठेवलास काय? परत विचार."

"बाबा, ती नाही म्हणाली," मुलगा म्हणाला.

"नाही कुठं म्हणाली? वेळ नाही म्हणाली का? नवऱ्याचं नाव काढलं का? पोरांच्या परीक्षा, सासूचं दुखणं, काही बोलली का? ज्याला नको असतं तो कारण देतो."

"तुम्ही सकाळी गुडघ्यांचं कारण दिलंत, त्याचं काय झालं?"

त्याची आई सभेहून माझ्याआधी घरी आली होती; तिनं सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"अंकलजी," सरदार हसत म्हणाला, "आपके यहाँ शादी कैसे होती है? लड़का भी तीन बार ना बोलता है?"

"लड़के से कोई पूछता ही नहीं," मी म्हणालो. दोघंही हसले, पण फोन काही उचलला नाही.

मुलगा मग मला समजावायला लागला. असं समजावणं मला आवडत नाही. म्हणाला, "बाबा, आमच्यात एकदाच विचारतात. आग्रह करून आणलेला माणूस महिन्याभरात गायब होतो आणि पोरं लटकतात. मागच्या वेळी झालंय तसं. ज्याला करायचंय त्यानं तसं स्वतः म्हणावं."

"ती नाही म्हणायची स्वतः. तिला तसं शिकवलेलंच नाही."

"मग कसं करणार काम? अडलेल्या पोरांसाठी परदेशातल्या प्रोग्रामवाल्यांना खडसावावं लागतं."

उत्तर नाही म्हणून मी हटलो, असं आयुष्यात झालेलं नाही. संध्याकाळपर्यंत घोळ घातला. शेवटी वैतागून तो म्हणाला, "उद्या दुपारी बाराला नावं पाठवायची आहेत. तोवर तिची मेल आली, तर ती. नाहीतर दुसरा एक मुलगा आहे, तो विचारायच्या आधीच हो म्हणालाय. आणि मी फोन करणार नाही."

"नको करूस," मी म्हणालो.

फोनवर हे बोलता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बस बदलून सेक्टर ३९ ला तिच्या घरी गेलो. गुडघे ठणकत होते. तिनं दार उघडलं. डोळे सुजलेले होते. पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काका, त्यांनी परत विचारलंच नाही."

"विचारणार नाहीत. त्यांच्यात एकदाच विचारतात. तुला करायचंय का?"

"मला कुठलं..."

"असं नको बोलूस. मी दमून आलोय. हो का नाही, एवढंच सांग."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "हो. पण आपण होऊन कसं लिहू? हपापलेली दिसेन."

"दिस," मी म्हणालो. "मरत नाही कुणी त्यानं."

ती आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसली. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मराठीत वाचून दाखवलं. चार ओळी होत्या, चारही माफीच्या. मी म्हणालो, हे सगळं काढ. शेवटी एकच ओळ राहिली: काल मी नको म्हणाले, पण मला हे काम करायचं आहे. बटण दाबताना तिनं डोळे मिटले. चहा कर म्हणालो, तर आधी कपाटापाशी जाऊन तिनं कॉम्प्युटरची जुनी पुस्तकं खाली काढली.

परतीच्या वाटेत अध्यक्षांच्या घरापाशी उतरलो. ते दवाखान्यात गेलेले असणार, त्यांच्या बाई घरात असतील. घंटी वाजवली असती तर त्यांनी बसवलं असतं, पोहे दिले असते आणि मी परत हो म्हणून आलो असतो. सामानाच्या खोलीच्या किल्ल्या फाटकाच्या कडीला अडकवल्या आणि बसथांब्याकडे चालू लागलो.