हौसाच्या लडीवर माझी चिठ्ठी

थांबा, आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या नणंदेच्या नाकात चहा गेला होता! आणि हसायचं माझ्यावरच आहे, तेव्हा भीड बाळगू नका.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी जुन्नरच्या कागद करणाऱ्यांच्या घरातली. सातवीची फायनल पास झाले आणि मंचरजवळच्या एका खेड्यात पहिली-दुसरीवर मास्तरीण म्हणून लागले. लागले म्हणजे वर्षभरासाठी. मग तालुक्याच्या शाळा तपासणारे दिपोटीसाहेब येणार, त्यांनी बरा शेरा लिहिला तर नोकरी कायम. नाहीतर? नाहीतर बोचकं बांधून घरी, आणि घरी चाचांनी माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलेलं. चाळिशीचं! सोन्याचे दोन दात! अब्बा साऱ्या घराशी भांडले म्हणून मी शाळेत होते. त्यामुळे माझा सगळा जीव त्या एका शेऱ्यात अडकला होता.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. पाच मिनिटं एका जागी बसले तर पायाला मुंग्या येतात. वर्गात मी दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून फळ्यापर्यंत नुसती फिरायची. माझ्याकडे बघून बघून पोरांच्या माना दुखायच्या. आणि अशा बाईच्या नशिबी काय आलं? टकळी!

त्या दिवसांत शाळेत सूतकताई असायची. पितळेची चकती, मधोमध लोखंडी काडी. ती चिमटीनं गरगर फिरवायची आणि दुसऱ्या हातानं कापसाच्या पेळूतून धागा ओढायचा. मन शांत ठेवून! ते कुठून आणायचं? माझा धागा वीतभर झाला की तुटलाच. पोरं भराभर कातायची आणि बाई तुटकी टोकं जोडत बसायच्या.

कताईत नसलेली हुशारी मी दुसरीकडे काढली. चारित्र्य घडवायचं! रोज प्रार्थना झाली की एकेकानं उभं राहायचं, हात जोडून आदल्या दिवशीची आपली एक चूक सांगायची. शिक्षा नाही. उलट सगळ्या वर्गानं ‘शाब्बास’ म्हणायचं.

पोरांना हे भलतंच आवडलं. चुका पुरेनात, तेव्हा ती मुद्दाम करून यायला लागली. एकानं तर कहर केला. "बाई, काल माज्या बापानं शेजाऱ्याचा बांध कोरला!" शेजाऱ्याचा मुलगा पुढच्याच रांगेत. वर्ग ओरडला, "शाब्बास!"

संध्याकाळी बाप दारात हजर. "बाई, पोराला साळंत घातलंय का पोलिसांत?"

तरीही माझी छाती फुगलेलीच. खरं बोलणारी चाळीस पोरं! आणि तेवढ्यात तालुक्याहून कागद आला, की तपासणीच्या दिवशी प्रत्येक शिक्षकानं स्वतः कातलेल्या सुताची लडी, नावाची चिठ्ठी लावून, दाखवावी.

आली का पंचाईत! चार दिवस मी टकळीशी झोंबले. निघालं काय? गाठीच गाठी. हेडमास्तर शेजारच्या खोलीत बसून गोगलगाईसारखे कातायचे, पण लडी करून मोकळे झाले होते. मी दर दहा मिनिटांनी उठून रस्त्याकडे बघत होते. साहेब आज येतात की उद्या?

तपासणीच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पोरांच्या सुताची पेटी उघडली. नुसती बघायला हो! वरच एक लडी होती. एकसारखी, गाठ नाही, केसासारखी बारीक. ती हौसाचीच, असं सूत वर्गात दुसऱ्या कुणाचं? हौसा म्हणजे दुसरीतली धनगराची पोर. तिच्याकडे अजून मेंढरं होती, आणि तिची आजी चालता चालता टकळी फिरवणारी. तिच्या लडीला चिठ्ठी लावायची राहिली होती.

मी दाराकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. पुन्हा दाराकडे. आणि लावली माझ्या नावाची चिठ्ठी!

लडीला जरा वास येत होता, पण म्हटलं, हौसाच्या पिशवीचा असेल. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं.

दुसऱ्या दिवशी दिपोटीसाहेब आले. सायकलवरून, काळा कोट घालून. पोरांनी पाढे म्हटले, कविता म्हटली. मग साहेबांनी माझी लडी उचलली.

"वा! बाई, असं सूत मी तालुक्यात पाहिलं नाही. तुम्ही कातलंत?"

"हो." बघा, एवढंसं तोंड आणि केवढं खोटं!

साहेबांनी ती दोन बोटांत चोळली. कपाळाला आठी घातली. खिशातून काडेपेटी काढून एक धागा पेटवला. कापूस कसा भुरकन जळतो! हा वेटोळं होऊन विझला, आणि खोलीभर केस जळाल्याचा वास सुटला.

"बाई, ही तर लोकर आहे!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण जीभ थांबेल तर ना! "हो साहेब, मुद्दामच. म्हटलं, गावात मेंढरं आहेत, तर तीच वापरावीत..."

साहेब खूश! "गावातलंच साधन! उत्तम! हे तर इतर शाळांना दाखवायला हवं. तुम्ही इथे बसा आणि मुलांसमोर लोकर कातून दाखवा. मी माझ्या अहवालात लिहितो."

आगीतून उठून फुफाट्यात! ज्या बाईला कापूस कातता येत नाही, ती लोकर काय कातणार? मी टकळी हातात घेतली. साहेबांनी लेखणी उघडली.

तेवढ्यात हौसा उठली. हात जोडले. मला वाटलं, आता ही माझी अब्रू वेशीवर टांगणार. पण ती स्वतःचीच चूक सांगायला उठली होती!

"बाई, माजी चूक झाली. तुमी दिलेला कापूस म्या कातलाच न्हाय. आजी म्हनली, ही कसली फुसकी लोकर सरकारची? सरकारच्या मेंढरांना खायला मिळत न्हाय वाटतं! तिनं तो गोधडीत भरला आन् मला आपल्या पांढऱ्या कोकराची लोकर दिली. ती लडी माजी हाय. तिला बाईंची चिठ्ठी कुनी लावली, त्ये काय मला ठावं न्हाय."

"शाब्बास!" चाळीस पोरं ओरडली.

आणि मग, रोजच्या शिस्तीप्रमाणे, सगळी पोरं पुढच्या चुकीची वाट बघत बसली. चाळीस जोडी डोळे माझ्यावर. साहेबांचेही.

पहिलीतला एक चिमुरडा म्हणाला, "बाई, आता तुमची पाळी?"

काय करणार? हात जोडले. डोळ्यांपुढे ते सोन्याचे दोन दात चमकत होते. म्हटलं, "मुलांनो, ती चिठ्ठी मी लावली. हौसाचं काम माझं म्हणून दाखवलं. आणि आता साहेबांनाही खोटं सांगितलं." मला रडूच आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्वतःचीच एवढी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

"शाब्बास!" पोरं एवढ्या जोरात ओरडली, की शेजारून हेडमास्तर टकळीसकट धावत आले.

साहेबांनी मान खाली घालून बराच वेळ शेरा लिहिला. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, संतापानं. ते निघून गेल्यावर हेडमास्तरांनी मोठ्यानं वाचला.

‘वर्ग खरे बोलतो. सवय बाईंनी लावली आहे. कायम करण्यास हरकत नाही. मात्र बाईंनी एक महिना दुसरीतल्या हौसाच्या हाताखाली सूतकताई शिकावी.’

नोकरी राहिली! सोन्याचे दात गेले! मी वर्गातच दोन गिरक्या मारल्या.

पण सरकारी शेरा तो सरकारी शेरा. रोज शाळा सुटली की मी जमिनीवर आणि हौसा माझ्या खुर्चीत. "बाई, हलू नगा." "बाई, पाय आवरा." "बाई, खिडकीत काय हाय?" महिनाभर तिनं जीव तोडून शिकवलं. शेवटच्या दिवशी मी तिच्यापुढे माझी लडी ठेवली. तिनं ती उलटीपालटी केली, गाठी मोजायला घेतल्या, मधेच सोडून दिल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली,

"जाऊ द्या बाई. पुढल्या खेपंला बी माजीच घ्या. म्या कुनाला सांगनार न्हाय."