पळीकाकूंचं पथ्य

कापड गिरणीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सगळे पळीकाकू म्हणत. कुणी भांड्यात डोकावलं की त्यांची पळी त्याच्या मनगटावर बसायची. पण त्यांची ख्याती होती ती जिभेची. रश्श्याचा थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा, चिमूटभर मीठ टाकायचं, की कामगार ताट चाटूनपुसून ठेवायचे.

काकूंच्या कोपरांवर, पाठीवर खवल्यांचे जुने चट्टे होते. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा सोरायसिस. कुणाला लागत नाही, पण सहजासहजी सोडतही नाही. मलमाने चट्टे दबत आणि थंडीत पुन्हा वर येत. यंदा ते मनगटापर्यंत उतरले. मॅनेजर म्हणाला, "लांब बाह्या घालत जा, लोक बघतात." भट्टीपुढे लांब बाह्या म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग काकू वैद्यबाईंकडे गेल्या.

वैद्यबाईंनी नाडी पाहिली, खाण्यापिण्याचं खोदून खोदून विचारलं. सकाळी कडू औषधी तूप, दोन वेळा काढा, चट्ट्यांना तेल, रात्रीचं जेवण लवकर. डॉक्टरांचं मलम मनाने बंद करायचं नाही. "आणि मीठ नावापुरतं. आंबट, तिखट, दही, सगळं बंद."

"अहो, मी स्वयंपाकीण आहे!"

"मग चाखा आणि थुंका."

"मी थुंकेन? एक थेंब जिभेवर पडला की वाटी संपवूनच थांबते मी."

"मग दुसऱ्याची जीभ शोधा. पूर्ण बरं होईल असं मी म्हणत नाही. पण पथ्य मोडलंत तर औषधाला नावं ठेवू नका."

हाताखालच्या दोघी काहीही चाखून "छान!" म्हणत, पळीचा धाक. उरले गिरणीच्या फाटकावरचे पहारेकरी, म्हणजे काकूंचे यजमान. अख्ख्या संसारात त्यांनी जेवणाला एकच शब्द दिला होता, 'बरंय.' जेवणाच्या सुट्टीच्या भोंग्याआधी ते यायचे आणि चमचाभर रस्सा तोंडात घ्यायचे.

"नुसतं बरंय नको. मीठ कसंय?"

"जरा जास्त वाटतंय."

काकूंनी दुसऱ्या दिवशी हात आखडला.

"अजूनही जास्तच."

काकूंनी आणखी आखडला. तिकडे मनगट हळूहळू साफ होत होतं, कोपरांवरचे खवले पातळ झाले होते. रात्रीची खाज कमी झाल्यामुळे झोप लागत होती. आणि इकडे कँटीनमध्ये ताटं अर्धी परत येऊ लागली. शेवटी एक फिटर ओरडलाच, "पळीकाकू, आम्ही काय दवाखान्यात भरती झालोय?"

मॅनेजर आत आला. "तब्येतीमुळे जमत नसेल तर सांगा. सोमवारपर्यंत बघतो, नाहीतर दुसरी बाई."

तो गेल्यावर काकूंनी चमचा उचलला. एक घोट, की सगळा उलगडा होईल. मग स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि चमचा खाली ठेवला.

घरी त्या रोज लवकर जेवून झोपत. यजमान पाळी संपवून मागाहून जेवत. दोन पातेली असत, एक अळणी, एक नेहमीचं. त्या रात्री काकूंना काळजीने झोप येईना. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, तर यजमान अळणी पातेल्यातून वाढून घेत होते.

"अहो, ते माझं!"

"माहितीये."

"कधीपासून चाललंय हे?"

"तुझं सुरू झालं तेव्हापासून." त्यांनी मान खाली घालून घास मोडला. "तू अळणी गिळायचं आणि मी चापून खायचं? उतरत नाही घशाखाली."

"आणि तुमचं पातेलं कोण रिकामं करतं?"

"फाटकावरचं कुत्रं बघितलंस का, केवढं फुगलंय?"

आता काकूंना उलगडा झाला. अळणी खाऊन खाऊन या माणसाची जीभ लहान मुलासारखी झाली होती. तिला सगळंच खारट लागणार! आणि या जिभेच्या भरवशावर त्यांनी सगळी गिरणी जेवू घातली होती.

"उद्यापासून तुम्ही तुमचं पातेलं खायचं."

"आणि तू?"

"मी माझं पथ्य करते. तुमचं पथ्य मला परवडत नाही."

सोमवारी काकूंनी कुणालाही न विचारता जुन्या अंदाजाने मीठ घातलं. ताटं रिकामी परत आली. मॅनेजरने दोनदा रस्सा मागून घेतला आणि दुसऱ्या बाईचा विषय काढला नाही. यजमानांनी मात्र चमचा तोंडात घेतला आणि डोळे गच्च मिटले.

"खारट!"

"औषध समजा आणि गिळा," काकू म्हणाल्या. त्यांच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या होत्या.