मावशींचा अंगठा

आज लोणावळ्यात एका अशिलासाठी शाईच्या पॅडचं झाकण उघडलं आणि त्या वासानं एक जुना अंगठा पुन्हा आठवला.

पंचवीस वर्षांपूर्वी माझ्यासमोर जवळच्या औंढे गावच्या सखूमावशी बसल्या होत्या. भावांनी काहीही न सांगता वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर त्यांचा अंगठा घेतला होता, म्हणून दावा लावायचा होता.

प्रतिज्ञापत्र वाचून दाखवल्याशिवाय त्यावर अंगठा घ्यायचा नसतो. मी भराभर वाचत होतो, कारण त्याच दिवशी दिवाळी अंकाला कथा पाठवायची होती. कथाही मी कोर्टाच्याच हिरव्या कागदांवर लिहायचो. दोन्हींची पानं एकमेकांत मिसळली होती, हे पान उलटून वाचू लागल्यावर कळलं. 'बांधावरचा आंबा तिनं लावला होता. आता तो भावाचा. येता-जाता ती त्याला नुसता हात लावायची, आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा.'

मी थांबलो. मावशींनी डोळ्यांना पदर लावला होता.

"भाऊ, आदीचं मला काय कळलं न्हाई. ह्ये माजं हाय. ह्याच्यावर घ्या आंगठा."

"मावशी, हा कागद कोर्टात चालत नाही."

"मग लिवलाय कशाला?"

मी त्यांचा अंगठा धरला आणि प्रतिज्ञापत्रावर टेकवला.

दावा आम्ही जिंकलो. कथाही छापून आली, माझ्या नावानं. ती छापू का, हे मात्र मी मावशींना विचारलं नव्हतं. त्यांच्या भावांनीही त्यांना विचारलं नव्हतं.