अंगठा बघणारी मुलगी

लोअर परळला इडलीच्या गाडीपाशी ती सकाळी दिसायची. काम वेबसाइट बनवण्याचं. गाडीवर येणाऱ्यांना म्हणायची, "माझी साइट तुमच्या फोनवर जरा उघडून बघता?" फोन जितका जुना, तितकी ती खूश.

एकदा तिने मला धरलं. दवाखान्यात नंबर लावायचं पान होतं. मी बटण शोधत राहिलो आणि ती माझ्या अंगठ्याकडे टक लावून बघत राहिली.

शेवटी मीच ओशाळलो. "चुकलं गं माझं. वय झालं आता."

"तुमचं कसलं, काका? अंगठा अडला म्हणजे चुकलं माझं," म्हणत तिने वहीत टिपून घेतलं.

बँकेच्या, पोस्टाच्या खिडकीपुढे 'चुकलं माझं' म्हणण्यात माझी हयात गेली. खिडकीच्या आतून ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो.